परक्या दरबारची मानवस्त्रे

परदेशी उद्योगपतींस मानद नाइटपद बहाल करण्याचा ब्रिटिश राजदरबाराचा प्रघात नवा नाही. पण गेल्या काही वर्षांत त्या दरबाराची नजर भारतीय उद्योगपतींकडे वारंवार वळू लागली आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २००९ साली रतन टाटा यांस 'नाइट कमांडर'चे पद मिळाले. २०१४ साली त्याच श्रेणीतील सर्वांत वरची पायरी, 'नाइट ग्रँड क्रॉस', त्यांस देण्यात आली. २०२४ साली भारती उद्योगसमूहाचे सुनील मित्तल यांचे आणि २०२५ साली टाटा सन्सचे अध्यक्ष एन्. चंद्रशेखरन् यांचे नाव या यादीत आले. प्रत्येक वेळी आपल्याकडे या वार्तेचे स्वागत राष्ट्राचाच गौरव झाला अशा सुरात झाले. गौरव कोणाचा झाला, कोणी केला आणि कोणत्या सेवेबद्दल केला, हे तीन साधे प्रश्न विचारण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही. लंडनच्या राजवाड्यातील या समारंभाशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीचा काय संबंध, असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. टाटांच्या पोलादाची कथा ज्या टेकडीपाशी सुरू होते ती टेकडी याच पट्टीतील आहे. आणि आज महाराष्ट्राच्या पोलादाचे भवितव्य ज्या डोंगरावर उभारले जात आहे तो डोंगरही याच पट्टीतील आहे. तिकडे वळण्यापूर्वी प्रस्तुत किताबाचे खरे स्वरूप काय आहे ते पाहणे इष्ट होईल.

हा किताब 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' या श्रेणीतील आहे. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, पंचम जॉर्ज बादशहांनी ती श्रेणी स्थापन केली. साम्राज्य लयास गेले तरी पदकावरील त्याचे नाव अद्याप पुसले गेलेले नाही. २००४ साली ब्रिटिश लोकसभेच्याच एका समितीने हा 'साम्राज्य' शब्द काढून टाकावा आणि नाइटपदेही हळूहळू बंद करावीत अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. ब्रिटिश राजाचे जे प्रजाजन नाहीत त्यांस हे पद 'मानद' म्हणून मिळते. त्यांच्या खांद्यास तलवारीचा स्पर्श होत नाही, त्यांस 'सर' म्हणवून घेता येत नाही. नावापुढे तेवढी इंग्रजी आद्याक्षरे लावता येतात. शिफारस करतो तो परराष्ट्रमंत्री. अमेरिकेचे बिल गेट्स यांस २००५ साली हे पद मिळाले ते याच रीतीने. तेव्हा रतन टाटांच्या नावामागे 'सर' लावणे हा अज्ञानाचा प्रकार होता. तशी पदवी त्यांस ब्रिटनने दिलेली नव्हती आणि त्यांनीही ती कधी मिरवली नाही. या रतन टाटांची आणि सर दोराबजींचे धाकटे बंधू सर रतन टाटा यांची गल्लत करणारेही काही भेटतात. त्या सर रतन टाटांस १९१६ साली मिळालेली पदवी खरीखुरी होती, कारण तेव्हा आपण सारेच त्या बादशहाचे प्रजाजन होतो.

आता आपली राज्यघटना काय म्हणते? अठराव्या अनुच्छेदाने दोन दारे एकदमच बंद केली आहेत. लष्करी अथवा विद्याविषयक पदव्या सोडून अन्य कोणताही किताब राज्यसंस्थेने द्यावयाचा नाही, आणि भारताच्या नागरिकाने कोणत्याही परराष्ट्राकडून किताब स्वीकारावयाचा नाही. घटनासमितीत या कलमाची चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी एक मार्मिक खुलासा केला होता. किताब न स्वीकारणे हा नागरिकाचा हक्क नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे; या देशाचा नागरिक म्हणून राहावयाचे तर ही अट पाळलीच पाहिजे, असा त्याचा आशय होता. अट मोडणाऱ्यास शासन काय, हे ठरविण्याचे काम त्यांनी संसदेवर सोपविले होते. संसदेने असा कायदा आजतागायत केलेला नाही. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात निर्णय दिला की, भारतरत्न व पद्म पुरस्कार हे 'किताब' नव्हेत, परंतु ते नावाच्या मागे वा पुढे लावता कामा नयेत. हीच कसोटी परकीय सन्मानास लावली तर मानद नाइटपद घटनेच्या शब्दांत अडकत नाही असे म्हणावे लागते, कारण त्यात 'सर' ही उपाधी नाही. नावापुढील आद्याक्षरांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. जे भारतरत्नालाही निषिद्ध ते परक्या पदकास मोकळे कसे, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस तरी सापडलेले नाही. ज्या उद्योगपतींस हे सन्मान मिळाले त्यांनी कायद्याचा भंग केला असा आमचा आरोप नाही. कायद्याचा विचार येथे संपतो आणि औचित्याचा सुरू होतो. आमचे म्हणणे आहे ते त्या दुसऱ्या विचारासंबंधी.

मानवस्त्रांचा अर्थ मराठी माणसास नव्याने शिकवावयास नको. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत, आणि ती कोणाकडून आली यावरूनच धनी कोण व मुतालिक कोण हे ठरे. पुण्याची सत्ता कितीही वाढली तरी त्या वस्त्रांवाचून पेशव्यास पेशवेपण येत नसे. त्याही पूर्वी, १६६६ साली आग्र्याच्या दरबारात आपल्यास कोणत्या रांगेत उभे केले आहे हे पाहून शिवछत्रपतींनी बादशाही पोशाख अंगावर घेण्यास साफ नकार दिला होता. वस्त्र किमतीचे असते म्हणून नव्हे, तर ते घेणाराचे स्थान सांगते म्हणून त्याचे महत्त्व. इंग्रजांनी ही देशी रीत चटकन आत्मसात केली. या भागापुरते बोलावयाचे तर चांद्याच्या इतिहासात इंग्रजी बक्षिसाचा मोठा दाखला १८५८ सालचा आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, आणि त्यांस धरून देण्याच्या कामी साहाय्य करणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांस जप्त केलेल्या जमीनदाऱ्या बक्षीस मिळाल्या. तेव्हा बक्षीस जमिनीचे होते. पुढे जमिनीऐवजी रावबहादुरी आल्या, आणि थोर घराण्यांसाठी व थोर वकिलांसाठी 'सर'की आली. नागपूरच्या जुन्या पिढीस सर गंगाधरराव चिटणवीस, सर बिपिन कृष्ण बोस, सर मोरोपंत जोशी ही नावे परिचित होती. ही माणसे कर्तबगार नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्यांची कर्तबगारी मोजण्याचे माप परक्याच्या हाती होते.

लोखंडाचा आणि या किताबाचा संबंध जोडला गेला तो चांदा जिल्ह्यातच. जमशेटजी टाटांनी नागपुरास आपली गिरणी काढली ती १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून दिल्लीस घोषित करण्यात आले त्याच दिवशी. म्हणून तिचे नाव 'एम्प्रेस'. नागपूरची निवड झाली ती वऱ्हाडच्या कापसासाठी, तसेच जवळ असलेल्या वरोड्याच्या कोळशासाठी. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि वरोड्याचा कोळसाही त्यापासून दूर नाही, असे त्यात म्हटले होते. लोहारा हे गावाचे नावच त्या परिसरातील जुन्या लोहारकामाची साक्ष देते. जर्मन शास्त्रज्ञाने सांगण्यापूर्वी तेथील माणसास ती गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे. जमशेटजींनी वरोड्याच्या कोळशाची परीक्षा करविली, तो भट्टीच्या कामास उपयोगी नाही असे ठरले, आणि सरकारचे खनिजविषयक नियमही इतके जाचक होते की सतरा वर्षे तो विचार बासनात राहिला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १८९९ साली, ते नियम सैल झाले तेव्हा जमशेटजींनी तो पुन्हा बाहेर काढला.

१९०३-०४ मध्ये सी. एम्. वेल्ड हा अमेरिकन भूवैज्ञानिक, जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याचे जंगल पायांखाली घातले. बैलगाड्या, पाण्याची टंचाई, वाघाच्या पाऊलखुणा, हे सर्व त्यांच्या वाट्यास आले. निष्कर्ष निराशाजनक निघाला: खनिज उत्तम, पण विखुरलेले, मोठ्या कारखान्यास पुरेल असे नव्हे. हे काम सोडावे लागत आहे असे कळविण्यास दोराबजी नागपुरास सचिवालयात गेले असता, अधिकाऱ्याची वाट पाहताना सहज समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले आणि तेथे टांगलेल्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातील गडद रंगाची टेकडी त्यांच्या दृष्टीस पडली. तीच पुढे भिलाईस खनिज पुरविणारी दल्ली-राजहरा. टाटांचा कारखाना अखेर तेथेही झाला नाही. प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचे लोखंड दाखविले आणि साकची येथे, आजच्या जमशेदपुरास, तो उभा राहिला. १९०७ साली कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा स्वदेशीच्या लाटेत सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत ते भांडवल उभे केले. १९१२ साली पहिले पोलाद बाहेर पडले. त्याच्या दोन वर्षे अगोदरच, १९१० साली, दोराबजी 'सर' झालेले होते. ज्यांनी हे सर्व आरंभिले ते जमशेटजी १९०४ साली निवर्तले. ते मात्र कधीच 'सर' झाले नाहीत.

चांद्याच्या जंगलात एकत्र हिंडलेल्या त्या दोन आतेमामे भावांचे पुढे काय झाले हे पाहणे बोधप्रद आहे. दोराबजी बादशहाचे नाइट झाले. शापुरजी सकलातवाला विलायतेस गेले, कामगार चळवळीत शिरले, आणि १९२२ साली लंडनच्या बॅटर्सी विभागातून कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश लोकसभेत निवडून आले. तेथे बसून त्यांनी त्याच साम्राज्यावर इतकी टीका केली की १९२७ सालच्या दौऱ्यानंतर त्यांस हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याची बंदी झाली. एकाच घराण्यातील एकास मानवस्त्र आणि दुसऱ्यास मज्जाव! तरीही १९१० च्या त्या किताबाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. देणारा परका होता खरा, पण ज्या कामासाठी किताब दिला ते काम या भूमीवरचे होते. जमशेदपूरचा कारखाना, बंगलोरची विज्ञान संस्था, पश्चिम घाटातील जलविद्युत्, यांचा उपयोग प्रथम या देशास झाला.

आजच्या मानद नाइटपदांची गोष्ट नेमकी उलट आहे, आणि आमच्या विवेचनाचा गाभा हाच आहे. २०१४ साली रतन टाटांस जे पद मिळाले त्याची कारणे ब्रिटिश सरकारने उघड नमूद केली होती: भारत-ब्रिटन संबंध, ब्रिटनमध्ये आणलेली गुंतवणूक आणि परोपकार. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर घेतली. सुनील मित्तल यांच्या समूहाने २०२० साली दिवाळे निघालेली वनवेब ही उपग्रह कंपनी ब्रिटिश सरकारच्या भागीदारीत, प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून, सावरली. २०२३ साली टाटांनी सॉमरसेट परगण्यात चार अब्ज पौंडांचा विद्युत्-घटांचा कारखाना काढण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथे जुन्या झोतभट्ट्या बंद करून विद्युत्-भट्टी उभारण्यासाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे साहाय्य देऊ केले. शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. दोन हजारांहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या या फेरबदलात गेल्या. पुढील फेब्रुवारीत समूहाच्या अध्यक्षांस नाइटपद जाहीर झाले. एकाच्या बदल्यात दुसरे मिळाले असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही, तसे मानण्यास आधारही नाही. परंतु ज्या उद्योगाशी सरकारचा कोट्यवधी पौंडांचा व्यवहार चालू आहे त्याच उद्योगाच्या प्रमुखास त्याच सरकारच्या शिफारशीने पदक मिळावे, हे पोर्ट टॅल्बटच्या कामगारास कसे दिसले असेल याचा विचार ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याने करावयास हवा होता. हा प्रश्न ब्रिटनच्या नागरिकांचा आहे. त्यांनी तो सोडवावा.

आमच्यापुरता प्रश्न निराळा आहे. ब्रिटनने ब्रिटनच्या कामी आलेल्या माणसाचा सत्कार करावा यात गैर काहीच नाही. आपणही तेच करतो. सुझुकी कंपनीचे ओसामू सुझुकी यांस आपण २००७ साली पद्मभूषण दिले आणि त्यांच्या निधनानंतर २०२५ साली पद्मविभूषण. तैवानच्या फॉक्सकॉनचे यंग लिऊ यांस २०२४ साली पद्मभूषण दिले. त्यांनी येथे कारखाने काढले म्हणून दिले, जपानात वा तैवानात काढले म्हणून नव्हे. तेव्हा साम्राज्यशाहीचे जुने भूत उभे करून ब्रिटनला दोष देण्यात अर्थ नाही. हा व्यवहाराचा सत्कार आहे, आणि व्यवहाराचा सत्कार हा पावतीसारखा असतो: देणाराच्या खात्यात काय जमा झाले ते त्यावर लिहिलेले असते. चूक आपली होते ती येथेच. परक्याने आपल्या खात्यावरील जमेची पावती दिली की आपण ती राष्ट्राच्या कीर्तीची सनद समजून डोक्यावर घेतो. ज्यांस हा किताब मिळाला त्या तिघांसही भारताने स्वतःचे पद्म सन्मान आधीच दिलेले होते: रतन टाटांस २००० साली पद्मभूषण व २००८ साली पद्मविभूषण, मित्तल यांस २००७ साली आणि चंद्रशेखरन् यांस २०२२ साली पद्मभूषण. लंडनची मोहोर उमटल्यावाचून आपल्याच पदकास वजन येत नाही असे वाटणारा एक वर्ग आपल्यात अद्याप आहे, आणि तो आम्हां शिकलेल्यांत अधिक आहे, हे कबूल करणे भाग आहे.

मग परक्या किताबाकडे पाहण्याची याहून निराळी रीत या भागास ठाऊक नव्हती काय? होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१४ साली देऊ केलेले नाइटपद नाकारले. लोकसेवेच्या कामास ते शोभणार नाही असे त्यांस वाटले. जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथांनी १९१९ साली आपला किताब परत केला. आणि शेजारच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी १९२१ साली असहकारितेच्या चळवळीत रायबहादुरी टाकून दिली. जमनालालजी व्यापारी होते, सरकारदरबारी वजन असणे म्हणजे काय हे ते पुरते जाणत होते. रायबहादुरी सोडून व्यापाऱ्याचे काही बिघडत नाही असे ज्यांस वाटते त्यांस त्या काळच्या कलेक्टरची कल्पना नाही. वरोड्याची गोष्ट तर अधिक जवळची. ज्या वरोड्याच्या कोळशाने जमशेटजींस निराश केले त्याच वरोड्यास बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले. स्वदेशी सरकारने दिलेली पद्मश्री आणि पद्मविभूषण बाबांनी १९९१ साली नर्मदेच्या विस्थापितांसाठी परत केली. परक्या राजाचे पदक टाकण्यास धैर्य लागते. आपल्याच लोकनियुक्त सरकारचे टाकण्यास त्याहून अधिक लागते, कारण तेथे 'परका' हा शब्द मदतीस येत नाही.

आता गडचिरोलीकडे येऊ. लोहाऱ्यास जे लोखंड टाटांच्या हिशेबास अपुरे पडले ते एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर विपुल आहे. तेथील खाणपट्टा २००७ साली लॉइड्स मेटल्सला मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहणारी कित्येक वाहने जाळली आणि काम बंद पडले. २०२१ पासून ते नेटाने सुरू झाले आणि २०२३ साली वर्षास ३० लाख टनांऐवजी एक कोटी टन उत्खननाची पर्यावरणीय परवानगी मिळाली. चामोर्शी तालुक्यातील कोनसरीस कारखाना उभा राहत आहे. राज्य सरकार या जिल्ह्यास पोलादाचे माहेरघर करण्याची भाषा बोलत आहे. जिल्ह्यास रोजगार हवा आहे याविषयी आम्हांस शंका नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाल्यापासून 'मागास' या एका विशेषणावर हा जिल्हा जगत आला. तेथील तरुणाने आजन्म तेंदूपाने खुडावीत असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्या कोणासही नाही. परंतु तोच डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण आहे, तेथे दर वर्षी यात्रा भरते. आणि २०२३ साली त्याच तालुक्यातील तोडगट्टा येथे खाणी व रस्त्यांच्या विरोधात ग्रामस्थ कित्येक महिने ठाण मांडून बसले होते, हेही तितकेच खरे.

खनिज हे कोणा कंपनीने निर्माण केलेले नसते. ते जनतेचे असते, सरकार ते विश्वस्त म्हणून राखते आणि ठराविक मुदतीसाठी पट्ट्याने देते. पट्टेदार उद्योगपती हा त्या अर्थाने निव्वळ खाजगी व्यापारी राहत नाही. सार्वजनिक ठेवीचा काही भाग त्याच्या स्वाधीन असतो. घटनेच्या त्याच अठराव्या अनुच्छेदात आणखी एक तरतूद आहे: राज्याखाली लाभाचे वा विश्वासाचे पद धारण करणाऱ्याने राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परराष्ट्राकडून भेट, वेतन वा पद स्वीकारू नये. उद्योगपती असे पद धारण करीत नाही, म्हणून अक्षरशः ती त्यास लागू होत नाही. पण तिच्यामागील हेतू स्पष्ट आहे. ज्याच्या हाती या देशाच्या ठेवीचा भाग आहे त्याने परक्या सरकारशी देण्याघेण्याचे नाते जोडताना प्रथम आपल्या सरकारास विचारावे, आणि ते विचारणे लोकांस दिसावे. पोलाद, बंदरे, ध्वनिलहरी, उपग्रह ही क्षेत्रे आज अशी आहेत की त्यांतील एकाच माणसाची दोन सरकारांशी एकाच वेळी बोलणी चालू असतात. तेथे संशयास वाव न ठेवणे हे त्या माणसाच्याही हिताचे आहे.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. डॉ. आंबेडकरांनी संसदेवर सोपविलेले काम संसदेने हाती घ्यावे. शिक्षेचा कायदा हवाच असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्यांच्या कंपन्यांकडे सरकारी खाणपट्टे वा परवाने आहेत त्यांनी परराष्ट्राचा कोणताही सन्मान स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची संमती घ्यावी, ती संमती राजपत्रात प्रसिद्ध व्हावी आणि सन्मान कोणत्या सेवेसाठी आहे ते तीत नमूद व्हावे, एवढा नियम करण्यास अडचण कोणती? सन्मान नाकारा असे आम्ही कोणास सांगत नाही. रतन टाटांसारख्या पुरुषाच्या अंगी जे गुण होते ते पदकाने वाढले नाहीत आणि पदकाने कमीही झाले नाहीत.

दुसरी मागणी राज्य सरकारकडे आहे, आणि ती वरच्या मागणीइतकीच या विषयाशी निगडित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि १९९६ च्या पेसा कायद्याने जंगलातील गावास काही अधिकार दिले. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःच्या जंगलातील बांबू विकण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्या गावाने कोणासही किताब दिलेला नाही; पण तेथील ग्रामसभेत एखादा प्रस्ताव एकमताने संमत होणे ही किती कष्टाची गोष्ट आहे हे तेथे जाऊन आलेल्यांस ठाऊक आहे. सुरजागडच्या परिसरातील ग्रामसभांनी खाणींविषयी कोणकोणते ठराव केले, केव्हा केले, त्यांत बाजूचे किती व विरोधाचे किती, हे सर्व मराठीत आणि माडियात छापून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत व प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर लावण्यात यावे. उद्या या जिल्ह्याच्या लोखंडावर मोठा झालेला एखादा उद्योगपती लंडनच्या वा अन्य कोणा दरबारात सन्मानासाठी उभा राहील, आणि तो दिवस फार दूर आहे असे आम्हांस वाटत नाही, तेव्हा त्याची पहिली पारख कोठे झाली होती हे त्या भिंतींवरून कोणासही वाचता यावे.

आमच्या स्वतःच्या अधिकारात जे आहे ते आम्ही आजच करीत आहोत. या पत्रात यापुढे कोणाही भारतीय नागरिकाच्या नावामागे वा पुढे परकीय किताबाची अक्षरे छापली जाणार नाहीत, आणि परकीय सन्मानाच्या वार्तेसोबत तो सन्मान ज्या सेवेसाठी देण्यात आला तिचे कारण देणाऱ्या सरकारच्याच शब्दांत, मराठीत, दिले जाईल.